लांडग्यांची घरमालकीण

माझी धाकटी जाऊ कुणालाही आवडत नाही. हे मी तिच्या तोंडावरही म्हणते. तिला ते ठाऊक आहे आणि तिचं त्यावाचून काही अडलेलं नाही. घरात तिला पाठीमागे भोंगा म्हणतात. ते नाव आम्ही ठेवलेलं नाही. बसस्थानकावरच्या लोकांनी ठेवलं आणि तिच्याबरोबर ते सासरी आलं.

बसस्थानकावर एका काचेच्या खोलीत बसून ती घोषणा करायची. अमुक गाडी तमुक फलाटाला लागली आहे, अमुक गाडी उशिरा सुटेल, अमुक गाडी रद्द झाली आहे. गाडी लागली म्हणून काचेपाशी येऊन आभार मानणारा प्रवासी अजून जन्माला यायचा आहे. रद्द झाली की मात्र सगळे त्याच काचेवर बुक्के मारायचे. ही माइक बंद करायची, डबा उघडायची आणि बुक्के मारणाऱ्यांकडे बघत जेवायची. तुला काही वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "गाडी मी रद्द करते का? मला चिठ्ठी येते, मी वाचते." या एका वाक्यावर तिने अख्खी नोकरी काढली.

आवाज वाईट नाही तिचा. फार स्वच्छ आहे, एकेक अक्षर धुऊन पिळून वाळत घातल्यासारखं. पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने जेवताना नुसतं मीठ मागितलं तरी देणारा आधी आपले हात बघतो. माझ्या दिराचा उजवा कान गेलेला आहे, आणि जेवायला तो कायम तिच्या डाव्या बाजूला बसतो. याला योगायोग म्हणणारे म्हणोत.

आम्ही दोघी एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. तिच्याकडे दीर, मुलगा आणि सून. मुलगा कामानिमित्त बहुतेक बाहेरगावी, त्यामुळे घरात खरा सामना सासू-सुनेचाच. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून वर्षानुवर्षं पाणी गळतं. गळायला लागलं की धाकटी झाडूचा दांडा घेते आणि छत ठोकते. वर कोण राहतं, कुणास ठाऊक. ठोकलं की कधी गळायचं थांबतं, कधी नाही. ठोकण्याचं काम मात्र ती चोख करते.

निवृत्तीनंतर तिला कोण विचारणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. विचारलं ते तारवाल्याने. बसस्थानकावरचे कर्णे दुरुस्त करायला यायचा तो. त्याने आता गाद्यांच्या दुकानाच्या वर ध्वनिमुद्रणाची खोली काढली होती, आणि भिंतींना खालच्याच दुकानातला उरलेला स्पंज चिकटवला होता. फोनवर ऐकायच्या एका मालिकेसाठी त्यांना घरमालकिणीचा आवाज हवा होता. भल्याभल्या नट्या येऊन गेल्या, पण सगळ्या कजागपणाचा अभिनय करायच्या. तारवाल्याला भोंगा आठवला.

मालिकेचं नाव 'वरचा मजला'. गोष्ट लांडगेमाणसांची. एक शहर, त्यात एक जुनी इमारत, तिच्या वरच्या मजल्यावर एक कळप. दिवसा हे लोक चारचौघांसारखी कामं करतात: एक नर्स आहे, एक मोटारी दुरुस्त करतो, एक वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करते. पौर्णिमेला सगळ्यांचे लांडगे होतात. एका साध्या मुलीला म्होरक्या चुकून चावतो आणि तीही त्यांच्यात येते. पुढे प्रेम, वैर, शिकारी, सगळं आलंच.

मी कॉलेजात साहित्य शिकले असल्यामुळे मला कुठलीच गोष्ट नुसती ऐकता येत नाही. ही मी चिडत चिडत सगळी ऐकली. अशा गोष्टींतली न आवडणारी माणसं ठरलेली असतात. म्होरक्याची आधीची प्रेयसी. हिने दाराला टेकून उभं राहायचं आणि नव्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचं. म्होरक्याच्या जागेवर डोळा ठेवणारा दोन नंबरचा. रक्त शुद्ध राहिलं पाहिजे म्हणणारी म्होरक्याची आई. यांना निदान दात तरी असतात. सगळ्यांत वाईट गत माणसांची: संशयी हवालदार, रजा न देणारा साहेब आणि घरमालकीण. नायकाने दार फोडलं की "दार का फोडलं?" असं विचारायला ही मंडळी ठेवलेली असतात. प्रश्न रास्त असतो. पण नायक त्या वेळी जगाला वाचवायला निघालेला असतो, आणि जग वाचत असताना दाराचं नाव काढणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

आमच्या भोंग्याने ती घरमालकीण अशी काही उभी केली की ऐकणारे चवताळून उठले. मोरीत केस अडकलेत. जिन्याच्या कठड्यावर ओरखडे कुणी काढले? वरच्यांनी रात्री ओरडायचं बंद करावं, खाली लहान मूल आहे. ही एवढीच वाक्यं. पण ती अशी यायची की ऐकणाऱ्याला आपल्या आयुष्यातला प्रत्येक कारकून आठवावा. लोक मालिकेखाली लिहायचे, या बाईला चावा. कुणी लिहिलं, चावू नका, नाहीतर पौर्णिमेला हीच वर येऊन तक्रार करेल. एकाने तर लिहिलं होतं की तिचा आवाज ऐकून तो जेवणाचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की मालिका त्याच्याच कानात चालू आहे.

सूनही ऐकायची. स्वयंपाक करताना कानात इअरफोनचे बोळे घालून. सासूने विचारलंच तर ती गाणी ऐकत्येय म्हणायची. मला मात्र म्हणाली, "काकू, सगळे म्हणतात काय अभिनय आहे. आई त्यात काही करतच नाहीत हो. सकाळी मला बोलतात तेच तिथे जाऊन बोलतात."

सुनेचं काही अगदीच चूक नव्हतं. पण त्यामागे आणखी एक भानगड होती, आणि ती आमच्या घरात कुणाच्या ध्यानी आली नव्हती.

तिथली कामाची रीत अशी. सगळ्या नटांना एकत्र बोलवायचं म्हणजे तारखा जुळत नाहीत, आणि खोलीही तेवढी मोठी नाही. म्हणून प्रत्येकाला एकेकट्याला बोलवायचं आणि फक्त त्याची वाक्यं असलेले कागद हातात द्यायचे. समोरचा काय बोलतो ते कागदावर नसतं. तारवाला काचेपलीकडून सांगतो, आता ती काहीतरी म्हणते, मग तुम्ही. नंतर सगळे तुकडे तो जोडतो. बाकीचे नट घरी जाऊन मालिका ऐकायचे. धाकटीने एकदाही ऐकली नाही. आयुष्यभर कर्णा ऐकला, आता पुरे, असं तिचं म्हणणं. चिठ्ठी आली, वाचली, घरी आली.

एकदा दुपारी आम्ही तिघी तिच्याकडे मटार सोलत होतो. धाकटी आदल्या दिवशी ध्वनिमुद्रण करून आली होती आणि वैतागली होती.

"एवढी कुत्री पाळायची तर माणसाने बंगला घ्यावा," ती म्हणाली.

"कुणी?" सुनेने विचारलं.

"माझ्या भाडेकरूंनी. वरच्या मजल्यावरच्या."

सुनेच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हिला पत्ताच नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"आई, ती कुत्री नाहीत. ते स्वतःच लांडगे आहेत."

"कोण, भाडेकरू?"

"हो."

"सगळे?"

"सगळे. ती नर्ससुद्धा."

धाकटीने आणखी दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "तरीच एवढे केस."

मी हसून घेतलं. सून हसली नाही. तिला आपण केवढा मोठा बॉम्ब टाकला ते कळलं होतं. नंतर समजलं की मालिकेच्या दिग्दर्शिकेला हे पहिल्या दिवशीच उमगलं होतं. गोष्टीतल्या घरमालकिणीला वर लांडगे आहेत हे माहीत नाही, आणि बाईंनाही नाही. तिने सगळ्यांना बजावलं होतं, बाईंना सांगायचं नाही. कळलं की त्या अभिनय करायला लागतील.

त्या दिवशी धाकटीने सुनेकडे हात पुढे केला आणि कानातला एक बोळा मागितला. पुढचे कित्येक दिवस दुपारी त्या दोघी ओट्यापाशी शेजारी शेजारी उभ्या, एक वायर दोघींच्या कानांत. लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीने सासूबरोबर केलेलं हे पहिलं काम, ज्यात भांडण झालं नाही. मधूनमधून धाकटी फक्त "बघ, दार फोडलं," एवढंच म्हणायची. सगळे भाग ऐकून झाल्यावर तिने निकाल दिला: घरमालकिणीचं एकही वाक्य खोटं नव्हतं. केस होते, ओरखडे होते, ओरडणं होतं. बाकीची गोष्ट छान आहे, पण घरमालकिणीला उगाच वाईट ठरवलंय.

आणि नेमकं त्याच सुमारास पुढचे कागद आले.

दिग्दर्शिकेने फोनवर आधीच कल्पना दिली होती. या भागात शिकारी येतात आणि घरमालकीण त्यांना दार उघडून देते. कळपातली नर्स मरते. मग म्होरक्या खाली उतरतो. पुढचे दोन शेवट लेखकाने लिहून ठेवले होते. एकात घरमालकीण गुडघ्यावर बसून माफी मागते, म्होरक्या तिला सोडून देतो, आणि पुढे ती कळपाची राखणदार होते, म्हणजे पुढची सगळी वर्षं मालिकेत राहते. दुसऱ्यात तो तिला मारतो. माफी ऐकून लोकांचं मन विरघळेल अशी वठली तर पहिला शेवट, नाहीतर दुसरा.

धाकटीने मला सोबत चल म्हटलं. इतक्या वर्षांत तिने मला कशासाठीच सोबत बोलावलं नव्हतं. दर पंधरवड्याला ती इस्त्रीचे कपडे घालून, पर्सची चेन दोनदा ओढून बघून त्या गादीवाल्याच्या जिन्यावर चढायची. निवृत्तीनंतर तिला कुणी बोलावतं असं जगात ते एकच ठिकाण होतं. घरमालकीण मेली की तेही संपणार होतं. ती हे बोलली नाही. रिक्षात फक्त एवढं म्हणाली की माफी मागायला तिला काही जड जाणार नाही, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी तिने आयुष्यभर व्यक्त केली आहे.

मी काचेच्या अलीकडे बसले. माझ्या एका बाजूला तारवाला, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शिका, मागे लेखक. लेखक चाळिशीचा, दाढीवाला, सारखा चष्मा पुसणारा. काचेपलीकडे स्पंजाच्या भिंतीत धाकटी, समोर माइक. तिच्या नशिबात काच आहेच.

दार उघडण्याचं वाक्य तिने एका दमात दिलं. माफीशी गाडी अडली. "मला माफ करा, मी तुम्हाला ओळखलं नाही." एकदा झालं, ते दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे अशा थाटात. दिग्दर्शिकेने मृदू व्हायला सांगितलं. मग ती मृदू झाली आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आवाज रडवेला, मधूनच कापणारा, शाळेच्या नाटकातल्या भिकारणीसारखा. दिग्दर्शिकेला भीती होती तेच झालं होतं: तिला कळलं होतं, आणि ती अभिनय करत होती. पुन्हा झालं, पुन्हा झालं. मध्ये पाणी पिऊन झालं. तारवाला खोटंच काहीतरी बटण फिरवत बसला.

शेवटी धाकटीने कागद खाली ठेवला आणि विचारलं, पाय मोडला तर नाही चालणार का? मारू नका, माफीही नको, नुसता पाय मोडा, ती अंथरुणावरूनही बोलेल. दिग्दर्शिका हसली, पण नाही म्हणाली.

मग धाकटी लेखकाला म्हणाली, "मारा हवं तर. पण माफी कशाची मागायची तेवढं सांगा. तिला कुठे माहीत होतं ते शिकारी आहेत? ती त्यांना कुत्री पकडणारे समजली."

मला वाटलं लेखक गडबडेल. गडबडला नाही. चष्मा पुसून झाल्यावर त्याने माइकचं बटण दाबलं.

"बाई, तिचं बोलणं सगळं खरंच आहे. मी तसंच लिहिलंय. पण ती पहिल्या भागापासून वरच्यांशी बोलत्येय आणि वर कोण राहतं हे तिने एकदाही विचारलेलं नाही. तुम्ही ऐकलंत ना सगळं? एक प्रश्न दाखवा, ज्याचं उत्तर तिला हवं होतं."

धाकटीने डोळे मिटले. ती आठवत असावी. एकेक भाग काढून बघत असावी. मी पण आठवून पाहिलं. ओरखडे कुणी काढले, दार का फोडलं, हे प्रश्न होते. पण ते उत्तरासाठी नव्हते. लेखकाची दाढी मला आवडली नव्हती, पण मुद्दा बिनतोड होता.

तिने कागद पालथा घातला. तारवाल्याला म्हणाली, "लाव रे."

लाल दिवा लागला. तिने माइककडे न बघता वर, छताकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात, बसस्थानकावरच्या, विचारलं, "कोण आहात तुम्ही?"

थोडी थांबली. उत्तर येणार नव्हतंच. तिथे दुसरं कुणी नव्हतं. तरी ती थांबली. मग तेवढ्याच स्वच्छ शब्दांत म्हणाली, "आधी सांगायला काय झालं होतं?"

दिवा विझला. दिग्दर्शिका लेखकाकडे बघत राहिली. मग तिने बटण दाबून सांगितलं की हे फार चांगलं झालंय, हेच ठेवावंसं वाटतंय. पण यात माफी नाही, म्हणजे म्होरक्या तिला सोडू शकत नाही. दुसरा शेवट होईल. हवं असेल तर आणखी एकदा माफीचं करून बघू.

"नको," धाकटी म्हणाली. "होऊ दे."

तिने पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली आणि बाहेर आली. तारवाला जिन्यापर्यंत सोडायला आला. येताना रिक्षात मी विषय काढला नाही. सांत्वन मला जमत नाही आणि तिला चालत नाही.

भाग आला. घरमालकीण मेली. दोन वर्षं तिला चावा म्हणून ओरडणाऱ्यांतले बरेचजण म्हणाले, बरं झालं. काही म्हणाले, हे काही बरोबर झालं नाही, तिला सांगायला हवं होतं. जेवणाचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेलेला तो माणूस लिहितो की इमारत आता फार शांत वाटते. दिग्दर्शिकेचा परत फोन आला नाही; येईल असं धाकटीलाही वाटलं नव्हतं. सुनेने तो भाग ऐकताना एक बोळा तिच्यापुढे केला. आपण काय बोललो ते आपल्याला माहीत आहे, असं म्हणून तिने तो घेतला नाही.

ती बदलली, माणसात आली, असलं काही मी सांगणार नाही. मीठ मागितलं की अजून सगळे दचकतात. फक्त आता तिला प्रश्न विचारायची सवय लागली आहे, आणि तो नवाच ताप आहे. सुनेला विचारते, आज काय ऐकत्येस, त्यात कोण कोण आहे, ती बाई अशी का वागते. सून माझ्याकडे येऊन म्हणते, काकू, आधी नुसत्या बोलायच्या ते बरं होतं, त्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं. दीर आता जेवायला तिच्या उजव्या बाजूला बसतो. विचारलेलं ऐकू आलं नाही तर ती पुन्हा विचारते, त्यापेक्षा ते बरं, असं त्याचं गणित.

मागच्या आठवड्यात न्हाणीघर पुन्हा गळायला लागलं. धाकटीने झाडू उचलला. दांडा छताला लावला, आणि तो तसाच खाली ठेवून ती जिना चढून वर गेली. मी माझ्या दारात उभी राहिले. भांडण ऐकायला मिळेल अशी आशा होती, खोटं कशाला बोलू. पण ऐकू काहीच आलं नाही. बऱ्याच वेळाने ती खाली आली.

वर एक म्हातारा राहतो. एकटाच. घड्याळं दुरुस्त करतो, डोळ्याला भिंग लावून. इतकी वर्षं छत ठोकलेलं त्याला जमिनीतून ऐकू येत होतं. त्याला वाटायचं, खाली कुणी सुतार राहतो.

"मग सांगितलंस ना त्याला, पाणी गळतं म्हणून?" मी विचारलं.

सांगितलं म्हणाली. तो बघतो म्हणाला आहे.

न्हाणीघर अजून गळतं. धाकटी अजून ठोकते. फक्त ठोकायच्या आधी वर जाऊन सांगून येते.